कागदाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर व्हायचं म्हणून बाबा त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. मुलगी म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरकडे कोणी बघत नाही."

"गिऱ्हाईक येणार आहे ना? मग शर्ट हवाच," बाबा म्हणाले.

बाबांचा उभा जन्म चपला-बुटांच्या दुकानात गेला होता. गिऱ्हाईक म्हटलं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

मुलीचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. मुलगी गिऱ्हाइकांशी बोलायची. कॉम्प्युटरवरचे पडदे कसे दिसतील, कुठलं बटण कुठे बसेल, हे दुसरी एक सडपातळ मुलगी आखायची. तिच्या केसांत कायम पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणायचे. आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायचा तो मौनीबाबा. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन जेवणाबद्दल असायची.

ही तिघं मिळून वेब ॲप बनवत. दुकानाची नुसती पाटी इंटरनेटवर लावायची असं नाही, तर माणसानं बोट लावलं की हलणारं, उत्तर देणारं, इकडे एक बदललं की तिकडे आपोआप बदलणारं काहीतरी. काम चांगलं करत, पण काम मिळत नव्हतं. आता खाटवाल्या बाईंचं काम आलं तर आलं, नाहीतर ऑफिसला कुलूप आणि मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, हे ठरल्यातच जमा होतं. तिकडच्या कंपनीला याच आठवड्यात उत्तर द्यायचं होतं.

"तुम्हीपण चला, बाबा," मुलगी म्हणायची.

"बघू," बाबा म्हणायचे. त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे आई असल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. बाबांना ते घर सोडवत नव्हतं, आणि मुलगी गेली तर त्या घरात राहवणारही नव्हतं. त्यामुळे हे काम मिळावं असं मुलीपेक्षाही बाबांना वाटत होतं, फक्त ते बोलून दाखवत नव्हते.

खाटवाल्या बाईंचं दुकान आजारी माणसांसाठी होतं. वरखाली होणाऱ्या खाटा, चाकांच्या खुर्च्या, काठ्या, सगळं भाड्यानं. आईच्या शेवटच्या दुखण्यात खाट त्यांच्याकडूनच आली होती. ती मागवताना मुलगी फोन करून करून टेकीला आली होती. एकजण म्हणे गोदामात विचारा, गोदामवाला म्हणे दुकानात विचारा. पुढे सगळं आवरल्यावर ती स्वतःच बाईंना जाऊन भेटली आणि म्हणाली, तुमचा हा गोंधळ मी सोडवून देते.

बाई एकदा पोळल्या होत्या. "आधीच्या लोकांनी सगळं बांधून आणलं आणि मग मला दाखवलं," त्या म्हणाल्या. "घर उभं राहिल्यावर विचारतात, दार कुठे पाहिजे! आधी दाखवा, मग बांधा."

म्हणून पेन्सिलनं सगळं कागदावर काढलं. एकेका पडद्याचा एकेक कागद. बटणांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, त्याच चिठ्ठ्या सगळ्या पडद्यांवर वापरायच्या. यादी उघडायची असेल तर घडी घातलेली पट्टी. वाट बघायला लावायची असेल तर पुठ्ठ्याची गोल चकती, टाचणीवर फिरणारी. गिऱ्हाइकानं कागदावर बोट ठेवायचं आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसानं पुढचा कागद सरकवायचा. तो माणूस म्हणजे कॉम्प्युटर.

हे काम आधी मौनीबाबाकडे होतं. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली तेव्हा गिऱ्हाईक म्हणून खालच्या चष्मेवाल्याला वर बोलावलं. त्यानं खाटेच्या चित्रावर बोट ठेवलं. मौनीबाबा नुसताच बसून राहिला.

"अरे, दाखव ना पुढचं," मुलगी म्हणाली.

"तिथे बटण नाही."

"पण माणूस तिथे दाबतोय."

"त्यानं तिथे दाबू नये."

चष्मेवाल्यानं घाबरून बोट मागे घेतलं. मुलीनं कपाळाला हात लावला. बाबा तेव्हा तिचा जेवणाचा डबा द्यायला आले होते आणि दारातून बघत होते. त्यांचे हात शिवशिवायला लागले.

"सरक रे जरा," ते मौनीबाबाला म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

गिऱ्हाइकानं नुसतं बोट उचललं की मागून खोका काढायचा, ही त्यांची जुनी सवय. चष्मेवाल्यानं खाटेवर बोट ठेवलं की खाटेचा पडदा हजर. पण पाठोपाठ त्यांनी चाकांच्या खुर्चीचा कागदही पुढे केला.

"बाबा! ते कशाला?"

"हीपण बघून ठेवू दे. घेतली नाही तरी बघायला काय जातं?"

"कॉम्प्युटर असं करत नाही, बाबा."

"करतो की," पेन्सिल म्हणाली. "सगळे हेच करतात."

तरीपण पेन्सिलनं त्यांना नियम सांगितले. "काका, बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही. दाबलं तेवढंच दाखवायचं."

"लग्नानंतर पहिलं वर्ष मी असाच होतो," बाबा म्हणाले.

"मग पुढे काय झालं?"

"मग ती म्हणाली, अधूनमधून बोलत जा, नाहीतर शेजारचे मला विचारतात, तुमचे मिस्टर बाहेरगावी असतात का."

पेन्सिल खो-खो हसली. मुलगीही हसली आणि मग उगाच खिडकी उघडायला गेली.

सगळे निघायच्या वेळी बाबा कागद नीट लावत बसले. त्यातच त्यांना ती पट्टी सापडली. 'वस्तू परत करा' हे बटण दाबलं की उघडायची ती. वर लिहिलं होतं, 'कारण निवडा', आणि त्यापुढे लाल चांदणी. खाली ओळीनं: 'रुग्ण बरा झाला', 'रुग्णाचा मृत्यू', 'वस्तू पसंत पडली नाही', 'इतर'.

बाबांनी ती दोनदा वाचली.

"ही चांदणी कशाची?" त्यांनी पेन्सिलला विचारलं. ती पिशवी खांद्याला लावून निघाली होती.

"सक्तीचं आहे, काका. निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही."

"आणि नाहीच निवडलं तर?"

"तर खाट परत जाणार नाही," पेन्सिल म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बाबांनी पट्टीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकली. का टाकली ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

आईची खाट परत गेली त्या दिवशी मुलगी मृत्यूचा दाखला आणायला गेली होती. बाबा एकटेच घरी होते. खाट न्यायला दोन माणसं आली. त्यातल्या एकाचा आवाज जिन्यातूनच वर आला, इतका मोठा की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. दारात येऊन त्यानं आवरलेली रिकामी खाट बघितली आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा, काका! पेशंट हिंडायला-फिरायला लागला वाटतं!"

बाबांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते घशाशी आलं, पण तो माणूस इतक्या आनंदानं बघत होता की बाबांच्या तोंडून निघालं, "हो."

"कुठे आहेत? दिसत नाहीत घरात?"

"बाहेर गेलीय."

"बघा! पडून होत्या, आणि आता पायात चपला घालून बाहेर! आमच्या खाटेचा गुणच तसा आहे, काका!"

मग बाबांनी त्यांना चहा केला. दुसरं काय करायचं ते सुचेना. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीला तर मुळीच नाही.

तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे इस्त्रीच्या शर्टाच्या दिवशी, खाटवाल्या बाई आल्या. पट्टी कालच्या शर्टातून आजच्या खिशात आली होती. बाबांनी सवयीनं आधी त्यांचे पाय बघितले. सहा नंबर, उजवा पाय जरा रुंद, बूट चावत असणार. बाई बसल्या, चष्मा लावला आणि समोरच्या कागदांकडे बघून म्हणाल्या, "हे काय? शाळेतली प्रदर्शनं असतात तसं?"

"आत्ता कागद आहे, म्हणून फाडता येतो," मुलगी म्हणाली. "तुम्हाला आवडलं नाही तर इथेच बदलू. हे कॉम्प्युटर आहेत."

बाईंनी बाबांकडे नीट बघितलं. "बरेच जुने दिसतात."

बाबा हसले नाहीत. नियम म्हणजे नियम. पेन्सिलनं मात्र तोंड वहीमागे लपवलं.

सुरुवात झकास झाली. बाईंनी खाट दाबली, खाट आली. तारीख दाबली, तारखा आल्या. मागे जा, पुढे या, परत मागे जा. बाबांचे हात पत्ते पिसल्यासारखे चालत होते. उजवीकडे गोदामाचा वेगळा पडदा मांडला होता. इकडे खाट घेतली की तिकडचा शिल्लक खाटांचा आकडा बाबा लगेच कमी करायचे.

"म्हणजे मी दुकानात दाबलं की गोदामात कळणार? फोन न करता?" बाईंनी विचारलं.

"त्याच क्षणी," मुलगी म्हणाली.

बाईंच्या कपाळावरची एक आठी गेली. पण त्यांना कुठलंही बटण दोनदा दाबायची सवय होती. टक् टक्. बाबांनी शांतपणे गोदामातल्या दोन खाटा कमी केल्या.

"अहो, मला एकच हवीय!"

बाबा समोर बघत राहिले. दाबलं तेवढंच दाखवायचं. मौनीबाबानं मान हलवली आणि लिहून घेतलं. एकदा दाबल्यावर बटण बंद करून ठेवायला हवं, हे त्याला तेव्हा कळलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच बरं वाटल्यासारखं काहीतरी दिसलं.

"आता परत न्यायचं बघू," बाई म्हणाल्या आणि 'वस्तू परत करा' वर बोट ठेवलं. टक् टक्.

बाबांनी चकती पुढे ठेवली आणि फिरवायला लागले.

चकती फिरत राहिली. बाई वाट बघत राहिल्या. मुलीनं पेन्सिलकडे बघितलं, पेन्सिलनं कागदांच्या गठ्ठ्याकडे. चकतीची टाचणी कुरकुरायला लागली.

"अहो कॉम्प्युटर," बाई म्हणाल्या, "बंद पडलात की काय?"

चकती फिरतच होती.

"बाबा, कारणाची पट्टी," मुलगी हळूच म्हणाली.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. सगळं जुळत आलेलं, आणि ऐनवेळी हे. "बाबा," ती दात आवळून म्हणाली, "प्लीज."

बाबांना तिचा चेहरा दिसत होता. ती गेली तर काय होईल हेही दिसत होतं. हात खिशापर्यंत गेलासुद्धा. पण तिथून पुढे काही होईना.

बाईंची नजर तीक्ष्ण होती. त्यांनी टेबलावरून हात लांब केला, बाबांच्या खिशातून डोकावणारी घडी चिमटीत धरून बाहेर काढली आणि उलगडून वाचली. "बरोबर तर आहे. हे मीच सांगितलं होतं यांना. लपवलंत का?"

आता मात्र कॉम्प्युटर बोलला. "हे विचारू नये, बाई."

"बाबा!"

"बोलू द्या," बाई म्हणाल्या. "का विचारू नये?"

"घरचं माणूस गेलेलं असतं. आणि तुम्ही म्हणता, निवडा. त्याखाली लगेच, वस्तू पसंत पडली नाही. म्हणजे काय, आमचं माणूस गेलं, शिवाय खाटही आवडली नव्हती?"

पेन्सिलचा चेहरा पडला. ती ओळ तिनं लिहिली होती.

"ओळी इकडच्या तिकडे करता येतील," बाई म्हणाल्या, "पण विचारावं लागणारच. मला हौस नाही आलेली. माझ्याकडे एक माणूस आहे, भोंगा म्हणतात त्याला सगळे. कामाला वाघ, पण आवाज असा की खाट आपणहून जिना उतरेल. मागे एका घरी खाट आणायला गेला. रिकामी खाट बघून याला वाटलं पेशंट बरा झाला. त्यानं त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं अभिनंदन केलं. आणि ते गृहस्थ हो म्हणाले! वर चहा करून दिला! खाली उतरल्यावर शेजारणीनं सांगितलं, अरे, त्यांची बायको गेली. भोंगा गाडीत बसून रडला माझा. तेव्हापासून तो म्हणतो, कारण कळल्याशिवाय मी कोणाच्या घरी पाऊल टाकणार नाही. म्हणून ती चांदणी."

बाबांचा हात चकतीवरच थांबला होता.

"बिस्किटंपण दिली होती," ते म्हणाले.

खालच्या दुकानात चष्मेवाला कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता, तेवढं ऐकू येत होतं.

मुलीला सगळ्यांत उशिरा कळलं. कळलं तशी ती खाली बसली. "बाबा, तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"काय सांगणार? तुझी आई चपला घालून बाहेर गेलीय असं सांगितलं मी त्यांना." बाबांनी बाईंपुढची पट्टी घेऊन तिची पुन्हा घडी घातली. "तो इतका खूश झाला होता. त्याचा हिरमोड करवेना. आणि खरं सांगू का, त्यांचा चहा होईपर्यंत त्या दोघांच्या लेखी तरी ती बरी होती. मलाही जरा बरं वाटलं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "म्हणजे माझी ही सगळी चांदणी तुमच्यामुळे."

"असं दिसतंय."

"मग आता उपायही तुम्हीच सांगा."

"तुमच्या माणसाला सांगा, तोंड बंद ठेवून खाट उचल."

"त्याला जमणार नाही. जन्मजात आहे ते."

"मग तुम्ही जा त्याच्याबरोबर."

"मी खाटा उचलू? या वयात?"

"दोघांनी भांडू नका हो," पेन्सिल म्हणाली, पण दोघंही ऐकायच्या पलीकडे गेली होती. बाई म्हणत होत्या, कळायलाच हवं. बाबा म्हणत होते, विचारायलाच नको. मुलगी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि ते दुसरं शहर तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं होतं.

"रिकामं ठेवायचं," मौनीबाबा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो आपणहून बोलला, याचाच धक्का मोठा होता.

"चांदणी काढायची," तो पुढे म्हणाला. "यादी काढायची. एकच चौकट ठेवायची, 'आमचा पेशंट बरा झाला!' ज्यांचा झाला ते आनंदानं खूण करतील. बाकीच्यांनी काही करायचं नाही. चौकट रिकामी असेल, तर तुमच्या माणसाच्या फोनवर एकच ओळ जाईल: 'इथे बोलू नये.'"

एवढं बोलून तो दमल्यासारखा मागे टेकला. बहुतेक आठवड्याचा कोटा संपला होता.

बाई विचारात पडल्या. "आणि ज्यांना खुर्ची आवडली नाही म्हणून परत करायचीय?"

"त्यांच्याकडेही गप्प बसला तर बिघडलं कुठे?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात जीव आला होता.

"उलट बरंच," पेन्सिल म्हणाली आणि केसांतली पेन्सिल उपसून तिथल्या तिथे कोऱ्या कागदावर चौकट काढायला लागली.

"एक अडचण आहे," बाबा म्हणाले.

"आता काय, बाबा?" मुलगी रडकुंडीला आली.

"मी असतो तर खूण केली असती."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग चष्मा घसरला, मग डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं असं नाही. "करा की!" त्या म्हणाल्या. "तुम्ही केलीत तर मी काय करणार? भोंगा येईल आणि तुमचं अभिनंदन करील. दोघांनी बसून बोला काय बोलायचं ते."

त्यांनी पेन्सिलचा नवा कागद स्वतःकडे ओढला आणि बटण दाबलं. टक् टक्. बाबांनी पुढचा पडदा ठेवला: 'आमची माणसं उद्या सकाळी येतील.'

"करा सुरू काम," बाई म्हणाल्या. "पण बांधायच्या आधी हे भोंग्याला दाखवायचं. रोज वापरणार तोच आहे. खाली गाडीत बसलाय."

मुलगी उठून बाहेरच्या खोलीत गेली. दुसऱ्या शहरातल्या कंपनीला ती फोनवर काय सांगतेय, ते आतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं आणि सगळे ऐकत नसल्याचं दाखवत होते. बाबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतले. त्यातले दोन उलटे लागले, ते पेन्सिलनं गुपचूप सरळ केले.

भोंगा वर आला. रुंद छातीचा, हातात टोपी. दारातच त्यानं टेबलापलीकडे बसलेल्या बाबांना बघितलं आणि त्याची बोबडीच वळली. इतका मोठा माणूस कुजबुजायला लागला. "काका... तुम्ही..."

"बसा," बाबा म्हणाले. "माझी बायको वारली. त्या वेळी सांगायचं राहून गेलं."

"हो, काका," भोंगा कुजबुजला. "कळलं नंतर."

माझी बायको वारली, हे वाक्य बाबा पहिल्यांदाच असं सरळ बोलले होते. बोलून झाल्यावर त्यांनी जरा थांबून बघितलं, पण छत जागच्या जागी होतं. मग त्यांनी पहिला पडदा भोंग्यापुढे सरकवला.

भोंग्यानं टोपी मांडीवर ठेवली आणि एक बोट कागदाच्या वर धरलं, टेकवलं मात्र नाही. जणू खाट झोपलेली आहे आणि ती जागी होईल, असा तो घाबरत होता. "इथे दाबू का, काका?" त्यानं विचारलं. ते इतक्या हळू की पेन्सिलला वाकून ऐकावं लागलं.

"मोठ्यानं बोला हो," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटर जुना आहे, कमी ऐकू येतं."